वहीत लिहिलेला आरोप

फुकट मिळालेली वस्तू मी आधी उलटी करून बघते. साडीवर ब्लाउजपीस फुकट म्हटलं की साडीला डाग कुठे आहे ते शोधते. त्यामुळे आमच्या मिलमध्ये शेठनी ऑफिस स्टाफसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला, तोही फुकट, वर चहा आणि खमण, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. त्या वर्गात शिकलेले निम्मे शब्द मी आज विसरले आहे. तिथे लिहिलेलं एक वाक्य मात्र विसरता येत नाही, कारण त्या वाक्यापायी एका सरळ माणसाची वीस वर्षांची नोकरी जायची वेळ आली. वाक्य माझं होतं.

हा स्वभाव मला वडिलांकडून आला. ते धुळ्याकडून सुरतेला लूमवर आले आणि नवागामच्या एका खोलीत आम्हा सगळ्यांना वाढवलं. कुठलाही कागद समोर आला की ते दोन पावलं मागे सरायचे. मतदार यादीवाला आला तरी त्याला दारात उभं करून दहा प्रश्न. आम्हाला हसू यायचं, पण त्यांच्याबरोबरच्या कितीतरी लोकांनी न वाचता अंगठे दिले आणि नंतर निस्तरत बसले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, कॉलेज गुजरातीत केलं, ऑफिसात हिंदी बोलते आणि घरी अहिराणी. इंग्रजी माझ्या वाट्याला नीट कधी आलीच नाही. नोकरी साड्या छापणाऱ्या मिलमध्ये, डिस्पॅचच्या टेबलावर. कुठला माल कुठल्या पार्टीला गेला ते कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच काम.

वर्ग घ्यायला एक निवृत्त बँक अधिकारी यायचे. अडाजणला राहणारे, साताऱ्याकडचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सगळे त्यांना सर म्हणायचे. पाच वाजता पाळी बदलली की कॅन्टीनच्या टेबलांवर ओला फडका फिरायचा आणि आम्ही पंधराएक जण बसायचो. सरांची पद्धत अगदी त्यांची स्वतःची होती. पुस्तक नाही, व्याकरण नाही. इंग्रजी पेपरातली एक बातमी आणायची, राजकारणाची नाहीतर बाजाराची, ती झेरॉक्स करून वाटायची, त्यातले आठ शब्द फळ्यावर लिहायचे. मग प्रत्येकानं दोन शब्द निवडून त्यांची वाक्यं करायची. अट एकच, वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं.

"मंत्र्याचं वाक्य मंत्र्याला करू द्या," सर म्हणायचे. "तुम्ही तुमच्या घरातलं, तुमच्या खात्यातलं लिहा. जे आपलं असतं तेच लक्षात राहतं."

वाक्यं लिहून झाली की सर वह्या गोळा करून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणा करून परत द्यायचे. हे गोळा करणं मला पहिल्याच दिवशी खटकलं. मिलमध्ये कुणाच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायला याहून सोपी युक्ती कोणती? माणसाला विचारलं तर तो सावध होतो. शब्दाचं वाक्य कर म्हटलं की भडाभडा लिहून मोकळा होतो.

शिवाय त्या बातम्यांतले शब्दच असे, की विश्वास बसू नये. बाजार कोसळला की त्याला करेक्शन म्हणायचं. माणसं कमी करायची असली की रिस्ट्रक्चरिंग. पक्ष बदलला तर रीअलाइनमेंट. प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली, आणि घडीच्या आत काय आहे ते दिसू द्यायचं नाही. मी सरांना एकदा विचारलंसुद्धा की सरळ सांगायला इंग्रजीत शब्द नाहीत का. ते हसले. म्हणाले, "आहेत, पण ते पेपरात येत नाहीत." यावर सगळे हसले, मी नाही हसले. हा माणूस फारच हुशारीनं बोलतो, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

खरं सांगायचं तर शिकायला मला आवडत होतं. घरी भाजी निवडताना मी टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावायची, आणि ओळखीचा शब्द कानावर पडला की फार आनंद व्हायचा. इन्फ्लेशन, कोलिशन, सबसिडी. नवऱ्याला वाटायचं मला राजकारणाचं वेड लागलं. माझी वाक्यं वर्गात सगळ्यांत चांगली असायची, हे सरच म्हणायचे. पण मी वहीत खरं कधी लिहिलं नाही. 'अवर मॅनेजमेंट इज ट्रान्सपरंट', 'देअर इज ग्रोथ इन माय डिपार्टमेंट', असली गोडगोड वाक्यं करायची आणि लाल बरोबरची खूण घ्यायची.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मात्र भोळी. तीही खानदेशातलीच, डिंडोलीहून माझ्याबरोबर रिक्षानं यायची. तिनं शॉर्टेज या शब्दाचं वाक्य केलं, की लेडीज बाथरूममध्ये पाण्याची शॉर्टेज आहे. तीन दिवसांत नवीन नळ बसला. सहा महिने आम्ही तोंडानं सांगत होतो तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

ती खूश झाली. मी रिक्षात तिला म्हटलं, "अगं, नळाचं सोड. तुझं वाक्य मॅनेजरपर्यंत गेलं कसं, ते बघ."

"जाऊ दे ना. पाणी आलं ना?"

"आज पाण्याचं गेलं. उद्या तू दुसरं काही लिहिशील, तेही जाईल."

पंधरा दिवसांनी पॅकिंगमधल्या एकानं रिझाइन शब्दावर लिहिलं, की मी दिवाळीनंतर रिझाइन करणार आहे. आठवड्याच्या आत त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं आणि का चाललास म्हणून विचारलं गेलं. आता मात्र मैत्रीणही गप्प झाली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटला तो आनंद. मी म्हणत होते तेच खरं निघालं, या विचारानं मी घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तरी पुरावा नव्हता. नळ योगायोगानंही बसतो, आणि रिझाइनवाल्यानं चार ठिकाणी तोंड उघडलं असेल. मला असं काहीतरी हवं होतं, की जे माझ्या वहीशिवाय जगात कुठेच नाही. ते बाहेर आलं की सर पकडले गेले. मी संधीची वाट बघू लागले.

एका सोमवारी ती आली. बातमी कुठल्यातरी राज्यातल्या घोटाळ्याची होती आणि फळ्यावरचा पहिला शब्द होता अलेज्ड. सरांनी समजावून सांगितलं, की पेपरवाले अमक्यानं चोरी केली असं लिहीत नाहीत, चोरी केल्याचा आरोप आहे असं लिहितात. आरोप कुणी केला ते सांगितलंच पाहिजे असं नाही. उद्या तो खोटा ठरला तरी लिहिणारा सहसा अडकत नाही. काय सोयीचा शब्द, मला वाटलं. मी पेन उचललं आणि लिहिलं: 'इट इज अलेज्ड दॅट द सॅम्पल रूम मॅन शोज न्यू डिझाइन्स टू आउटसायडर्स.' म्हणजे असा आरोप आहे, की सॅम्पल रूममधला माणूस नवीन डिझाइन बाहेरच्यांना दाखवतो.

असा आरोप कुणीच केलेला नव्हता. सॅम्पल रूममध्ये एकच माणूस होता. पन्नाशी ओलांडलेला, शिंदखेड्याकडचा, नवागामला आमच्या जुन्या गल्लीच्या मागेच राहणारा. छापून आलेल्या कापडाचे वीत वीत तुकडे कापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, नंबर टाकायचा, कपाटात ठेवायचं. आकड्यांपलीकडे त्याला वाचता येत नव्हतं, पण दोन वर्षांपूर्वीचं डिझाइन मागितलं तरी न शोधता हात घालून काढून द्यायचा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बहीन. अख्ख्या मिलमध्ये माझ्याशी अहिराणीत बोलणारा तो एकटाच, कारण मैत्रीणसुद्धा ऑफिसात हिंदीच बोलायची. त्याचं नाव का सुचलं, तर डिझाइन त्याच्या हातात असतात म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. इतक्या स्वच्छ माणसाबद्दल हे कुणी खरं धरणार नाही, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. वाक्याखाली लाल रेघ नव्हती, बरोबरची खूणही नव्हती. मी सरांच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. ते नेहमीसारखे बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते असं मला वाटलं. मग वाटलं, बघत होते.

सुरतेत डिझाइन चोरायला चोर लागत नाही, मोबाइल पुरतो. त्याच आठवड्यात आमचं एक नवीन डिझाइन रिंगरोडच्या मार्केटमध्ये दुसऱ्याच्या दुकानात लटकताना सापडलं. असं वर्षातून चार वेळा होतं, शेठ चार शिव्या देतात आणि पुढचं डिझाइन येतं. या वेळी शिव्या ऐकू आल्या नाहीत. सॅम्पलच्या कपाटाला नवीन कुलूप लागलं आणि किल्ली मॅनेजरकडे गेली. मला कळायला हवं होतं. मला वाटलं, डिझाइन गेल्यामुळे असेल.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भाऊ माझ्या टेबलाशी आला. हातात मिलच्या नावाचा लिफाफा होता.

"बहीन, तुले इंग्रजी येस ना. यामा काय लिखेल शे, जरा वाची दखाड."

मी डबा बाजूला सारून कागद उलगडला. दुसऱ्याच ओळीत माझं वाक्य होतं. इट इज अलेज्ड दॅट यू. फक्त सॅम्पल रूम मॅनच्या जागी यू झालं होतं, बाकी शब्दाला शब्द. खाली लिहिलं होतं, की तुम्हाला कामावरून का काढू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. मी सापळा लावला होता, तो बरोबर लागला होता, आणि त्यात पाय माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा होता.

मी त्याला मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, एक सोडून.

"हाई कोनी सांगं?" त्यानं विचारलं.

"नाव नाही दिलेलं."

"मी काय करं, बहीन? मी त कपाट लाईसन घर जास." कपाट लावून मी सरळ घरी जातो, एवढंच तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला, की जबाब तूच इंग्रजीत लिहून दे, दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही. सोमवारी लिहू, असं मी म्हटलं. तो माझ्या डब्याकडे बघून "खाई ले" म्हणाला आणि गेला. मी डबा बंद केला.

संध्याकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधीच मी सरांना गाठलं. ते फळा पुसत होते. मी ठरवून आले होते की आवाज चढवायचा, चारचौघांना ऐकू जाईल असा.

"माझ्या वहीतलं वाक्य मॅनेजरला तुम्ही दिलंत?"

"हो," ते म्हणाले.

इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सरांनी डस्टर खाली ठेवला. "नळाचंही मीच सांगितलं होतं. त्या पॅकिंगवाल्या मुलाचंही. त्याचा पगार थोडा वाढला, तुम्हाला माहीत नसेल. तुमचं वाक्य मी तीन दिवस स्वतःजवळ ठेवलं. मग डिझाइन मार्केटमध्ये गेल्याचं कानावर आलं. मला वाटलं, तुम्ही धोका पत्करून लिहिलंय. तुमचं नाव मी घेतलं नाही."

"ते खोटं होतं."

"खोटं?"

"तुम्हाला पकडायला लिहिलं होतं."

ते खुर्चीवर बसले. लाल पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. मग म्हणाले, "मग पकडलंत. पण बाई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच सापडलं तुम्हाला."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. आमच्या वह्या आम्हाला न विचारता दुसऱ्याला वाचून दाखवायचा हक्क त्यांना कुणी दिला होता? भल्यासाठी केलं म्हणणाऱ्यांना मी लहानपणापासून ओळखते. उद्या शेठच्या मनात आलं असतं, तर भल्याचं बुऱ्यात जायला कितीसा वेळ लागला असता? ते म्हणाले, मी आत्ता जाऊन मॅनेजरला सांगतो. मी नको म्हटलं. मला वाटलं, हे आत जाऊन स्वतःला वाचवतील आणि भाऊ राहील बाजूला. जे काही जायचं ते कागदावर जाऊ दे, आणि माझ्याच हातचं जाऊ दे.

शनिवार-रविवार मी घरी भाऊचा जबाब लिहायला बसले. माझ्यावरही एक पत्र येऊ शकतं, हे मला दिसत होतं. घराचं भाडं आणि मुलीची फी माझ्याच पगारातून जायची. मी तीन वेळा मसुदा केला, त्यातल्या दोनांत मी स्वतःला वाचवून घेतलं होतं. ते दोन फाडले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहायला नको. भाऊची नोकरी राहिली. मला केबिनमध्ये उभं करून शेठ गुजरातीत जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. माझं इन्क्रिमेंट त्या वर्षी झालं नाही. वर्ग चालू राहिला, वह्या गोळा करणं तेवढं बंद झालं. हे सगळं ठीकच झालं. पण मी जे विसरू शकत नाही ते त्या सोमवारी दुपारी, पत्र केबिनमध्ये जाण्याआधी घडलं.

कॅन्टीन रिकामं होतं. सर त्या दिवशी लवकर येऊन पलीकडच्या टेबलावर बातमीचे झेरॉक्स लावत बसले होते. मी आणि भाऊ खिडकीशी बसलो. मी दोन परिच्छेद लिहिले. पहिला त्याच्या बाजूनं, की आरोप मला मान्य नाही. दुसरा माझ्या बाजूनं, की ते वाक्य मी वर्गात लिहिलं, ते पूर्ण खोटं आहे, या माणसाचा काही दोष नाही. खाली माझी सही केली. मग पहिला परिच्छेद त्याला वाचून दाखवला. तो मान हलवत होता.

"आनि खाले? खाले काय लिखेल शे?"

मला वाटलं होतं मी मराठीत सांगेन. तोंडातून अहिराणीच आली. "ते मी लिखं, भाऊ. तुमनावर आरोप मी लिखा. खोटा शे."

त्यानं कागदावरची नजर माझ्याकडे वळवली.

"तुले मन्हावर शक व्हता का?"

"नही. सरवर व्हता."

"मंग मन्हं नाव काबर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, डिझाइन तुमच्या हातात असतात म्हणून. ते ओठांवर आलंसुद्धा. पण तो समोर बसला होता, आणि पहिल्यांदा मला खरं काय ते नीट दिसलं. वर्गात बसणाऱ्या कुणाबद्दल मी असं लिहिलं नसतं. मैत्रिणीबद्दल नाही, पॅकिंगवाल्याबद्दल नाही. उद्या वही उघडी पडली तर ते वाचतील, याची मला भीती होती. समोरच्या या माणसाची नव्हती.

"तुमले वाचता येत नही म्हनीसन," मी म्हटलं.

मला रडू आलं. त्यानं ते बघितलं की नाही, माहीत नाही. त्यानं माझ्या हाताखालचा कागद ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, खिडकीच्या उजेडात धरला. सही कुठे करायची ते मी बोटानं दाखवलं, पण त्यानं पेन घेतलं नाही. तो उठला आणि कागद घेऊन कॅन्टीनच्या पलीकडच्या टोकाला, सरांच्या टेबलाशी गेला.

"सर," तो हिंदीत म्हणाला, "इसमें क्या लिखा है, पूरा पढ़के बताओ. इन्होंने बताया है, पर आप बताओ."

सरांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगायला सुरुवात केली. मी खिडकीशी बसून कान टवकारून ऐकत होते, ते एखादा शब्द बदलतात का म्हणून. त्यांनी एकही बदलला नाही. माझी ओळ आली तेव्हा भाऊनं ती त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मग सरांचंच पेन घेऊन सही केली.